दुखऱ्या पेल्विक फ्लोअरसाठी फिजिओथेरपी: चांगली सेवा कशी ओळखायची

ओटीपोटात, जांघेत, माकडहाडापाशी किंवा लघवी-शौचाच्या जागी महिनोन्‌महिने दुखतंय. सोनोग्राफीत काही नाही, लघवीच्या तपासणीत काही नाही, अँटिबायोटिक्सचे दोन-तीन कोर्स झाले. मग कधीतरी डॉक्टर म्हणतात, "पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपी करून बघा." बहुतेकांची या उपचाराशी ओळख अशी होते. कुणाला वाटतं, कंबरदुखीसारखे चार व्यायाम असतील. कुणाला आतून तपासणार म्हटल्यावर धडकी भरते. सुरू करण्याआधी या सेवेत नेमकं काय मिळतं, काय मिळायला हवं आणि ती कुठे फसते, हे नीट माहीत असलेलं बरं.

मत आधीच सांगतो. ज्यांच्या दुखण्यात ओटीपोटाच्या तळाच्या, म्हणजेच पेल्विक फ्लोअरच्या, स्नायूंचा वाटा आहे, त्यांच्यासाठी ही सेवा फार मोलाची आहे. पण एकाच नावाखाली दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी मिळतात. एका ठिकाणी तपासून, हाताने, श्वासातून आणि घरच्या सरावातून आवळलेला स्नायू सोडायला शिकवतात. दुसऱ्या ठिकाणी न तपासताच केगल व्यायामाचा, म्हणजे हे स्नायू आवळून बळकट करण्याच्या व्यायामाचा, छापील कागद देतात आणि वीस मिनिटं मशीन लावून ठेवतात. दुसऱ्या प्रकाराने दुखणं वाढू शकतं. मग "फिजिओ करून पाहिलं, उपयोग झाला नाही" असं म्हणून माणूस चांगल्या उपचारालाही कायमचा मुकतो.

हे स्नायू पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले असतात. मूत्राशय, आतडं आणि स्त्रियांमध्ये गर्भाशय या झोळीवर टेकलेलं असतं. झोळीतून पुरुषांमध्ये दोन आणि स्त्रियांमध्ये तीन वाटा बाहेर पडतात. वरवरचा थर पातळ असतो. त्याच्या आतला जाड थर म्हणजे लेव्हेटर अ‍ॅनाय. बाजूच्या भिंतीला लागून ऑब्ट्युरेटर इंटर्नस हा स्नायू असतो, तो मांडी बाहेरच्या बाजूला फिरवतो. म्हणूनच खुब्याचं दुखणं आणि ओटीपोटाच्या तळाचं दुखणं इतक्या वेळा जोडीनं येतं. त्याच स्नायूच्या कडेने प्युडेंडल नस जाते. ती त्रिकास्थीच्या, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडाच्या, दुसऱ्या ते चौथ्या पातळीतून निघते आणि जननेंद्रिय, गुदद्वार व त्यांमधल्या भागाला संवेदना पुरवते.

जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), गुदद्वाराची चीर, वर्षानुवर्षांची बद्धकोष्ठता, माकडहाडावर पडणं, बाळंतपणाचे टाके, कारण काहीही असो, दुखऱ्या जागेभोवतीचे स्नायू राखणीला उभे राहतात आणि आवळतात. मूळ कारण बरं झालं तरी कधीकधी ही राखण उठत नाही. सतत आवळलेल्या स्नायूला रक्त कमी मिळतं, तो स्वतःच दुखू लागतो, दुखलं की आणखी आवळतो. इकडे मज्जासंस्था हळवी होत जाते आणि साधा स्पर्शही तिला धोक्यासारखा वाटू लागतो. हे दुखणं "मनाचं" नाही. ते खरं असतं आणि तपासताना बोटाखाली सापडतं.

लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, धार तुटक येणं, जाऊन आल्यावर लगेच पुन्हा लागल्यासारखं वाटणं, जोर करूनही पोट साफ न होणं, संबंधांच्या वेळी किंवा नंतर दुखणं, टॅम्पॉन किंवा पाळीचा कप आत न जाणं, पुरुषांमध्ये वीर्यस्खलनानंतर किंवा वृषणात दुखणं, बसल्यावर वाढणं आणि आडवं झाल्यावर कमी होणं, या तक्रारी असतील तर स्नायूंची तपासणी नक्की करून घ्यावी. मात्र लघवीत किंवा शौचात रक्त, कारण न कळता होणारा रक्तस्राव, ताप, विनाकारण वजन घटणं यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला व गुदद्वाराभोवती अचानक बधिरपणा आला, लघवी अडली किंवा शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी तातडीचा विभाग गाठायचा. तिथे फिजिओथेरपीचा विचारही करायचा नाही.

केगलचा घोळ

ओटीपोटाचा तळ म्हटलं की लोकांना केगल आठवतं. अर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ साली हे व्यायाम मांडले, ते बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी आणि खोकताना-शिंकताना लघवी गळण्यासाठी. तिथे ते आजही उत्तम चालतात. जुनाट दुखण्यात परिस्थिती बहुधा उलटी असते, कारण स्नायू आधीच आवळलेला असतो.

मूठ तासभर गच्च आवळून धरा आणि मग कुणी म्हटलं, "आता आणखी आवळ," तर काय होईल? आवळायला जागाच उरलेली नसते, म्हणून जोर कमी भरतो. ओटीपोटाच्या तळाचंही असंच होतं. तपासणीत "ताकद कमी" अशी नोंद होते, त्यावरून बळकटीचे व्यायाम दिले जातात आणि दुखणं भडकतं. आवळलेला स्नायू कमजोरही असू शकतो. त्याला आधी सैल पडायला शिकवायचं आणि पूर्ण लांबी मिळाल्यावरच ताकदीकडे वळायचं. हा क्रम उलटवणं ही या सेवेतली सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनची मूत्राशयाच्या वेदनेवरची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत: ओटीपोटाचा तळ दुखरा असेल तर हाताने करायची फिजिओथेरपी द्यावी आणि केगलसारखे बळकटीचे व्यायाम टाळावेत.

हाताच्या उपचाराला आधार आहे का, असा प्रश्न रास्त आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मूत्राशयाच्या वेदनेच्या ८१ स्त्रियांना दोन गटांत विभागलं होतं. एका गटाला ओटीपोटाच्या तळावर केंद्रित हाताचा उपचार, दुसऱ्याला साधं सर्वांगाचं मालिश, दोघांनाही तासाभराची जास्तीत जास्त १० सत्रं. पहिल्या गटात ५९ टक्के स्त्रियांनी ठळक किंवा मध्यम सुधारणा सांगितली, दुसऱ्यात २६ टक्के. म्हणजे उपचार काम करतो, पण दहांतल्या चौघींना पुरेसा फरक पडला नाही. हमखास बरं करतो म्हणणाऱ्यापासून दूर राहण्यासाठी एवढं पुरे.

नाव नोंदवण्याआधी

फोनवरच काही गोष्टी विचारून घ्याव्यात. फिजिओथेरपीच्या पदवीनंतर ओटीपोटाच्या तळाचं वेगळं प्रशिक्षण झालंय का? आतून तपासणी शिकलेल्या आहेत का? दुखण्याचे रुग्ण नियमित बघतात की मुख्यतः बाळंतपणानंतरचे आणि लघवी गळण्याचे? सत्र किती मिनिटांचं आणि तेवढा वेळ फिजिओ स्वतः खोलीत असतात का? दार बंद होणारी वेगळी खोली आहे की पडदा? पुरुष रुग्ण असाल तर, पुरुषांना बघतात का? बरीच केंद्रं फक्त स्त्रियांसाठी असतात आणि हे तिथे पोचल्यावर कळतं.

"आम्ही सगळ्यांना आधी केगलच देतो" असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्यावा. पहिल्या भेटीआधीच २० सत्रांचे पैसे मागितले तरीही. किती सत्रं लागतील हे तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

जाण्याआधी तीन दिवसांची लघवीची नोंदवही केली तर पहिल्या भेटीचं चीज होतं. किती वाजता गेलो, मापाच्या भांड्यात किती मिली भरली, काय आणि किती प्यायलो, घाई किती होती, दुखलं का, एवढं लिहायचं. मूत्राशय साधारण ३०० ते ४०० मिली सहज धरतं आणि दिवसाला ६ ते ८ फेऱ्या नेहमीच्या समजल्या जातात. नोंदवहीत दर वेळी ८०-१०० मिली दिसत असेल तर मूत्राशय भरण्याआधीच जाण्याची सवय लागलीय हे लगेच कळतं. शौचासाठी ब्रिस्टल तक्त्यातला, म्हणजे शौचाचा घट्ट-पातळपणा दाखवणाऱ्या तक्त्यातला, क्रमांक लिहावा. त्यात सात प्रकार आहेत, तिसरा आणि चौथा चांगला.

पहिली भेट

चांगल्या ठिकाणी पहिली भेट तासाभराची असते आणि त्यातला जवळजवळ अर्धा वेळ नुसता बोलण्यात जातो. दुखणं कधी सुरू झालं, आधी काय झालं होतं, शस्त्रक्रिया, बाळंतपणं, लघवी, शौच, संबंध, झोप, बसून करायचं काम, व्यायाम. यात लाजायचं काही नाही. इथे जे लपवलं जातं, उपचार नेमका त्याच जागी अडतो. आधी अत्याचाराचा किंवा वाईट तपासणीचा अनुभव असेल तर तपशील सांगायची गरज नाही. "आतली तपासणी मला अवघड आहे" एवढं वाक्य पुरतं. चांगला फिजिओ त्यावरून सगळा बेत बदलतो.

मग बाहेरून तपासणी. उभं कसं राहता, श्वास घेताना बरगड्या फुगतात की नुसते खांदे उचलतात, पोट सतत आत ओढलेलं असतं का, खुबा किती फिरतो, मांडीच्या आतले स्नायू आणि नितंब दाबल्यावर दुखतात का, पोटावरची त्वचा चिमटीत उचलली तर सरकते की चिकटलेली आहे, सिझेरियनचा किंवा हर्नियाचा व्रण कसा आहे. हा भाग घाईत उरकला जात असेल तर तो सेवेतला दोष समजावा. पुष्कळ वेळा ओटीपोटाचं दुखणं पोटाच्या भिंतीतून किंवा मांडीतून चढलेलं असतं आणि आत हात न घालताच सापडतं.

आतली तपासणी कधी, कशी आणि करायची की नाही, हे सर्वस्वी तुमच्या हातात. पहिल्याच दिवशी झाली पाहिजे असं नाही. यात स्त्रीरोगतज्ज्ञांचं उपकरण वापरत नाहीत, पाय अडकवायचे आधारही नसतात. पाठीवर झोपून, गुडघ्यांखाली उशी, अंगावर चादर, हातमोजा घातलेलं आणि भरपूर जेल लावलेलं एक बोट, एवढंच. लेटेक्सची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगावं, नायट्राइलचे मोजे मिळतात. सोबतीला कुणी हवं असेल तर तशी सोय असलीच पाहिजे.

आधी नुसतं बघतात. आवळायला सांगितलं की तळ आत-वर जातो का, सोडायला सांगितलं की पूर्वीच्या जागी परत येतो का, खोल श्वासाबरोबर किंचित खाली उतरतो का. दुखण्याच्या रुग्णांत आवळण्यापेक्षा सोडणंच बिघडलेलं असतं, त्यामुळे "सोडा" म्हटल्यावर किती सेकंदांनी आणि किती पूर्ण सुटतो, हे बघणं फार मोलाचं. योनीच्या तोंडाशी आग होत असेल तर कापसाच्या काडीने एकेका बिंदूला हलका स्पर्श करून बघतात. मग बोट. जागा घड्याळाच्या काट्यांनी सांगतात: १२ म्हणजे जघनास्थी, ६ म्हणजे गुदद्वार. बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत वरवरचे स्नायू लागतात, आणखी आत लेव्हेटर, आणि बाजूला वळवलं की ऑब्ट्युरेटर. तो नक्की तोच आहे ना, हे ठरवायला गुडघा बाहेरच्या बाजूला फिजिओच्या हातावर ढकलायला सांगतात, मग तो बोटाखाली फुगलेला जाणवतो. प्रत्येक जागी ० ते १० मध्ये वेदना विचारतात आणि "हेच ते नेहमीचं दुखणं का?" हेही विचारतात. हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. दाबल्यावर दुखणाऱ्या जागा पुष्कळ असतात, तुमची ओळखीची वेदना उठवणारी एखाददुसरीच. पुरुषांमध्ये आणि योनीमार्गे नको असेल त्या स्त्रियांमध्ये हीच तपासणी गुदद्वारातून, डाव्या कुशीवर झोपवून करतात.

प्रत्येक पायरीआधी परवानगी विचारली गेली पाहिजे, आणि "थांबा" म्हटल्यावर बोट त्याच क्षणी स्थिर होऊन हळूच बाहेर आलं पाहिजे. "थोडं सहन करा, झालंच" हे वाक्य ऐकू आलं तर उठून यावं. हळव्या झालेल्या मज्जासंस्थेला दात-ओठ खाऊन केलेली तपासणी आणखी हळवं करते, त्यामुळे इथे सहनशक्ती दाखवून पदरात काहीच पडत नाही. पाळी चालू असेल, तर तुम्हाला चालत असेल तर तपासणीला हरकत नसते. जंतुसंसर्ग चालू असेल, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपणाला साधारण सहा आठवडे झाले नसतील, किंवा गरोदरपणात डॉक्टरांची संमती नसेल, तर आतला भाग पुढे ढकलावा.

सत्रांमध्ये काय होतं

सत्रं साधारण आठवड्याला एक, ४५ ते ६० मिनिटांची. एकूण ८ ते १२ लागतील असं धरून चालावं आणि सहाव्याला थांबून मोजमाप करावं. दुखऱ्या जागेवर बोट टेकवून ३० ते ९० सेकंद स्थिर ठेवतात, श्वासाबरोबर ती जागा नरम पडते का बघतात, मग स्नायूच्या लांबीच्या दिशेने हळू सरकतात. वेदना १० पैकी ३-४ च्या वर जाऊ नये. याला कुणी ट्रिगर पॉइंट म्हणतात, कुणी गाठ. ती "गाठ" नेमकी काय असते यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण योग्य दाबाने वेदना उतरते आणि स्नायू सुटायला शिकतो, याचा अनुभव मोठा आहे. "जितकं जोरात तितकं चांगलं" हे इथे साफ चूक. जोरात दाबलं की स्नायू उलटा आवळतो.

सत्रानंतर २४ ते ४८ तास अंग दुखल्यासारखं, लघवीची थोडी घाई, हे होऊ शकतं. त्यापेक्षा जास्त काळ भडकलं तर मात्रा जास्त झाली, हे फिजिओला सांगायचं आणि पुढच्या वेळी वेळ व दाब दोन्ही कमी करायला लावायचे. सांगूनही कमी झाले नाहीत तर फिजिओ बदलावा.

मशीनबद्दल थोडक्यात. बायोफीडबॅकमध्ये स्नायूचा विजेचा आलेख पडद्यावर दिसतो. ज्यांना आपण आवळतोय की सोडतोय हेच कळत नाही त्यांना दोन-तीन सत्रं फार उपयोगी, मात्र आकड्यांची इतरांशी तुलना करू नये, ते सेन्सर कुठे बसला यावरही बदलतात. टेन्सने, म्हणजे त्वचेवरून सौम्य वीज देणाऱ्या यंत्राने, तात्पुरता आराम पडतो. स्नायूला विजेने आकुंचन पावायला लावणारं यंत्र आवळलेल्या, दुखऱ्या तळाला सहसा नको.

घरचा सराव

आठवड्यातल्या १६८ तासांपैकी एकच तास फिजिओच्या हाताखाली जातो. म्हणून घरचा लेखी कार्यक्रम मिळाला नाही तर सेवा अर्धीच मिळाली असं समजा.

पाया आहे श्वास. पाठीवर झोपायचं, गुडघ्यांखाली उशी, एक हात बरगडीच्या बाजूला, दुसरा बेंबीखाली. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास घ्यायचा. बरगड्या बाजूंना उघडतात, पोट वर येतं आणि तळ किंचित खाली उतरतो. सहा मोजेपर्यंत श्वास आपोआप सुटू द्यायचा. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं. इथे दोन चुका होतात. एक, पोट मुद्दाम बाहेर ढकलणं. दुसरी, तळ "सोडायचा" म्हणून शौचासारखा जोर करणं. कळण्याची खूण सोपी आहे. कपड्यांवरूनच बोटं जननेंद्रिय आणि गुदद्वाराच्या मधल्या जागी ठेवा. श्वास घेताना ती जागा बोटांकडे अलगद फुगली तर बरोबर. श्वास रोखला गेला आणि पोट टणक झालं तर तो जोर आहे.

त्यानंतर ताण. गुडघे रुंद ठेवून बालासन, आनंद बालासन, दोन्ही मांड्यांखाली उशा घेऊन सुप्त बद्धकोणासन, आणि बुटक्या स्टुलावर टेकून अर्धं मालासन. प्रत्येकात पाच-सहा सावकाश श्वास, एक ते दोन मिनिटं. खुब्याच्या सांध्यात पुढच्या बाजूला टोचल्यासारखं होत असेल तर मालासन आणि आनंद बालासन सोडून द्यावं. ताण मांडीत जाणवावा, सांध्यात नाही.

दिवसभराच्या सवयींचा वाटा लोकांना वाटतो त्याहून मोठा असतो. पोट आत ओढून चालणं, वजन उचलताना श्वास रोखणं, काम करताना नकळत तळ आवळून बसणं. तासाला एकदा मोबाइलची हलकी घंटा लावून "आत्ता आवळलंय का?" एवढं तपासायचं, आवळलं असेल तर एक श्वास आणि सोडायचं. बसून दुखत असेल तर ३०-४० मिनिटांनी उठायचं. गोल भोकाची गादी बरेच जण घेतात, पण तिने मधल्या भागावरचा ताण वाढू शकतो. माकडहाडासाठी मागे खाच असलेली गादी बहुधा जास्त सोयीची.

शौचाला बसताना पायांखाली १५-२० सेंटीमीटर उंचीचं स्टूल, गुडघे खुब्यापेक्षा वर, कोपरं मांड्यांवर, पोट सैल. या स्थितीत गुदद्वारामागचा स्नायू सुटतो आणि वाट सरळ होते. दहा मिनिटांत झालं नाही तर उठायचं. लघवीसाठी "बाहेर निघतोय, जाऊन येतो" ही सवय मोडायची आणि दोन फेऱ्यांमधलं अंतर आठवड्याला १५ मिनिटांनी वाढवायचं. मात्र वेदना चढत असताना दाबून धरायचं नाही. वारंवार जावं लागतं म्हणून पाणी कमी करणं हा उलटा उपाय आहे, दाट लघवीने मूत्राशय आणखी चिडतं.

साधनं

साधनं विकत घेण्याची घाई करू नये. आतली तपासणी होऊन, कुठली जागा दुखते ते कळल्यावरच.

डायलेटर हे वाढत्या जाडीच्या नळकांड्यांचे संच असतात. जो आकार न दुखता आत जातो तिथून सुरुवात, मग तो करंगळीएवढा का असेना. पाण्यावर आधारित जेल लावायचं, कारण सिलिकॉनच्या जेलने सिलिकॉनचं साधन खराब होतं. आठवड्यातून तीन-चार वेळा, दहा मिनिटं. आत ठेवून श्वास, मग हळू बाजूंना सरकवणं. सलग काही वेळा वेदना १० पैकी दोनच्या वर गेली नाही की पुढचा आकार. हे काम जबरदस्तीने ताणण्याचं नाही. काहीतरी आत आलं तरी धोका नाही, हे मज्जासंस्थेला सवयीचं करायचं असतं. म्हणून एक आकार वगळून पुढे उडी मारणाऱ्याला बहुतेक वेळा दोन आकार मागे यावं लागतं.

वाकडी दांडी, म्हणजे थेरपी वाँड, स्वतःचं बोट पोचत नाही त्या खोल जागांसाठी. दाब पिकलेल्या टोमॅटोची साल फुटणार नाही इतकाच, एका जागी ३० ते ९० सेकंद, एकूण पाच-दहा मिनिटं, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. १२ च्या दिशेला मूत्रमार्ग असतो, तिथे दाबायचं नाही. ठोके जाणवले किंवा विजेसारखी कळ गेली तर ती रक्तवाहिनी किंवा नस, लगेच जागा बदलायची. गुदद्वारासाठी वापरायचं साधन रुंद बुडाचं किंवा मुठीचं हवं, म्हणजे आत निसटणार नाही, आणि तिथे वापरलेलं साधन तसंच योनीत कधीही वापरायचं नाही. पहिल्यांदा फिजिओच्या समोर, त्यांनी जागा दाखवल्यावर वापरावं. बाटल्यांची टोकं, हँडल असलं काहीतरी घरगुती वापरणं धोक्याचं आहे.

फरक कसा मोजायचा

रोज "आज कसं वाटतंय" यावरून अंदाज बांधला तर निराशाच येते, कारण जुनाट दुखणं चढ-उतार करत जातं. मोजता येतील अशा दोन-तीन गोष्टी ठरवाव्यात: सलग किती मिनिटं बसता येतं, रात्री किती वेळा उठावं लागतं, डायलेटरचा कुठला आकार किती वेदनेसह जातो. पुरुषांसाठी प्रोस्टेटच्या तक्रारींची ० ते ४३ गुणांची प्रश्नावली वापरतात. गुण सहाने उतरले तर फरक खरा मानतात. बसणं दहा मिनिटांवरून पंचवीसवर आलं आणि वेदनेचा आकडा तोच राहिला, तरी ती प्रगतीच. वेदना बहुधा सगळ्यांत शेवटी उतरते.

सहा सत्रं नियमित झाली, घरचा सराव झाला, आणि यातलं काहीच हललं नाही, तर तेच पुढे रेटू नये. परत डॉक्टरांकडे: एंडोमेट्रिओसिस राहून गेलंय का, नस दबलीय का, खुब्याच्या सांध्याचं काही आहे का. प्युडेंडल नसेचं दुखणं असेल तर ते बसल्यावर वाढतं आणि रात्री झोपेतून सहसा उठवत नाही, ही खूण डॉक्टरांना आवर्जून सांगावी. कधी औषधांची जोड लागते, कधी वेदनेवर काम करणाऱ्या मानसोपचारकाची. फिजिओने स्वतःहून असं पाठवलं तर तो त्याच्या चांगलेपणाचा पुरावा समजावा.

बरं वाटू लागलं की सत्रं दोन आठवड्यांनी, मग महिन्याने. ताकदीचे व्यायाम आले तर ते या टप्प्यात, स्नायू पूर्ण सुटतो हे बोटाखाली कळल्यावर, आणि दर आकुंचनानंतर दुप्पट वेळ सोडण्याला देऊन. शेवटच्या भेटीत भडक्याचा कागद हातात पडला पाहिजे: दुखणं उसळलं तर पहिले दोन दिवस डायलेटर, वाँड आणि जोराचा व्यायाम बंद, दिवसातून तीनदा पाच मिनिटं श्वास, १५-२० मिनिटं गरम शेक, थोडं चालणं, पोट साफ राहील याची काळजी. तिसऱ्या दिवशी निम्म्या वेळेने सराव पुन्हा सुरू. आठवड्याभरात दुखणं आधीच्या पातळीवर उतरलं नाही, तर कुठल्या क्रमांकावर फोन करायचा, तेही त्याच कागदावर लिहून घ्यायचं.